इंजिन क्षमतावाढीपूर्वीचे ब्लॉक-मापन

इंजिन क्षमतावाढीपूर्वीचे ब्लॉक-मापन ही जुन्या मोटारीच्या इंजिनाची घनक्षमता वाढवता येईल की नाही, आणि येत असल्यास किती, हे ठरवण्यासाठी इंजिनाच्या ब्लॉकवर करावयाची तपासणी होय. तीत सिलिंडरांचे अंतर्व्यास, त्यांची झीज, सिलिंडरभिंतींची जाडी, ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाची उंची व सरळपणा आणि क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांच्या बैठकी यांचा समावेश होतो. क्षमता वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सिलिंडरचा व्यास (बोअर) वाढवणे आणि दुसरा म्हणजे दट्ट्याचा पल्ला (स्ट्रोक) वाढवणे. पहिल्या मार्गात ब्लॉकमधील धातू कापून काढावा लागतो आणि कापलेला धातू परत लावता येत नाही. ज्या इंजिनांचे उत्पादन कित्येक दशकांपूर्वी थांबले, त्यांच्या बाबतीत बोअरिंग यंत्रावर चढवण्याआधीचे मापन म्हणूनच निर्णायक ठरते.

मराठीत बोलताना 'सीसी' आणि 'ताकद' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः तसे नाही. घनक्षमता म्हणजे सर्व दट्ट्यांनी एका पल्ल्यात व्यापलेले एकूण घनफळ. त्या घनफळातून किती शक्ती मिळेल हे झडपा, कार्ब्युरेटर, दाबगुणोत्तर इत्यादी अनेक गोष्टींवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

क्षमतावाढीची कल्पना हौशी कारागिरांची नव्हे. कारखान्यांनीच ती प्रथम राबवली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी' मालिकेतील चार सिलिंडरांचे इंजिन हे याचे सुबोध उदाहरण आहे. याच मालिकेतील १४८९ सीसीचे इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडर गाडीत दीर्घकाळ बसवले जात असे. त्याचा व्यास ७३.०२५ मिमी आणि पल्ला ८८.९ मिमी होता. इंग्लंडमध्ये एमजी कंपनीच्या क्रीडा-मोटारींसाठी पल्ला तोच ठेवून व्यास टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला. १९५५ च्या एमजीए गाडीत १४८९ सीसी, १९५९ मध्ये ७५.४१ मिमी व्यासाने १५८८ सीसी, १९६१ मध्ये ७६.२ मिमीने १६२२ सीसी आणि १९६२ च्या एमजीबी गाडीत ८०.२६ मिमीने १७९८ सीसी असा हा प्रवास आहे.

या मालिकेवरून काढला जाणारा एक निष्कर्ष मात्र चुकीचा असतो. '१४८९ आणि १७९८ ही एकाच घराण्यातील इंजिने आहेत, तेव्हा लहान ब्लॉक कापून मोठा करता येईल' असे काही जण मानतात. कारखान्याने तसे केलेले नाही. १७९८ सीसीचा ब्लॉक ओतताना आतील रचना बदलून शेजारच्या काही सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना जोडाव्या लागल्या व त्यांच्यामधील पाण्याची वाट सोडून द्यावी लागली. बाहेरून सारखा दिसणारा ब्लॉक आतून वेगळा असू शकतो.

त्याच कंपनीच्या लहान 'ए' मालिकेत, मिनी कूपर एस गाडीसाठी सुमारे ७०.६ मिमीचा व्यास हवा होता तेव्हा तर सिलिंडरांचे मध्यबिंदूच हलवण्यात आले. कडेचे दोन सिलिंडर बाहेरच्या बाजूस आणि मधले दोन परस्परांच्या जवळ सरकवले गेले. पुढे याच व्यासाच्या १२७५ सीसी ब्लॉकला ७३.५ मिमीपर्यंत कापून सुमारे १३८० सीसी करण्याची प्रथा मिनीच्या चाहत्यांत रूढ झाली. यात प्रत्येक भिंतीतून जवळजवळ दीड मिलिमीटर धातू जातो. काही ब्लॉक हे सहन करतात व काही करत नाहीत. कोणता ब्लॉक कोणत्या गटातला, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

महाराष्ट्राशी निगडित उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे. कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेल्या या गाडीचे इंजिन ६८ मिमी व्यास व ७५ मिमी पल्ला असलेले, १०८९ सीसीचे होते. फियाटने इटलीत याच पल्ल्यावर ७२ मिमी व्यास देऊन १२२१ सीसीचे इंजिनही बनवले होते. हा चार मिलिमीटरचा फरक पाहून अनेकांना मोह होतो. पण वर सांगितलेला धोका येथेही तितकाच लागू आहे. मोठे भावंड अस्तित्वात आहे, एवढ्यावरून लहान ब्लॉकच्या भिंतीत दोन मिलिमीटर शिल्लक असल्याचे सिद्ध होत नाही.

क्षमतेचे गणित

एका सिलिंडरचे घनफळ हे व्यासाच्या वर्गास ०.७८५४ ने व पल्ल्याने गुणून मिळते. त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणले की एकूण क्षमता येते. सेंटिमीटरमध्ये मापे घेतल्यास उत्तर थेट सीसीमध्ये मिळते. अँबॅसडरच्या इंजिनासाठी ७.३०२५ × ७.३०२५ × ०.७८५४ × ८.८९ × ४ म्हणजे सुमारे १४८९. व्यासात एक मिलिमीटरची भर घातली तर हेच उत्तर सुमारे १५३० होते, म्हणजे ४१ सीसीची वाढ. व्यासाचा वर्ग होत असल्याने लहानशा बदलाचाही परिणाम मोठा दिसतो. पल्ल्याचा परिणाम सरळ प्रमाणात असतो.

एक गफलत येथे वारंवार आढळते. व्यास १.५ मिमीने वाढवला तर भिंत १.५ मिमीने पातळ होत नाही, ०.७५ मिमीने होते. कारण कापणी दोन्ही बाजूंना वाटली जाते. अर्थात हे सिलिंडरचा मूळ मध्य कायम राखला तरच खरे. यंत्रावर ब्लॉक किंचित तिरका बसला, तर एका बाजूने अधिक आणि दुसऱ्या बाजूने कमी धातू जातो.

मूळ व्यास आणि झीज

मापनाची सुरुवात 'हे इंजिन याआधी किती वेळा कापले गेले आहे' या प्रश्नाने होते. भारतातील जुन्या गाड्यांत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा, कारण दुरुस्तीसाठी एकदोनदा बोअरिंग झालेले ब्लॉक येथे सर्रास आढळतात. दट्ट्याच्या माथ्यावर बहुधा वाढीव मापाचा आकडा कोरलेला असतो. ब्रिटिश इंजिनांत तो इंचाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे यंत्रशाळेच्या बोलीतल्या 'थाउ'मध्ये असतो. दहा थाउ म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. चाळीस थाउ वाढवलेल्या ब्लॉकमधून एक मिलिमीटर व्यास आधीच गेलेला असतो. दट्ट्यावरचा आकडा हा पुरावा मानावा, निर्णय मानू नये. सिलिंडर प्रत्यक्ष मोजावाच लागतो.

व्यास मोजण्यासाठी डायल बोअर गेज वापरतात. हे साधन स्वतः व्यास सांगत नाही, ठरवलेल्या मापाशी असलेला फरक दाखवते. त्यामुळे ते आधी मायक्रोमीटरवर जुळवून घ्यावे लागते. सिलिंडरमध्ये घातल्यावर गेज मागेपुढे झुलवून काट्याचे जे सर्वांत लहान वाचन येते तेच खरे माप. व्हर्नियर कॅलिपर या कामास उपयोगी नाही. त्याचे जबडे वरच्या काठापलीकडे पोहोचत नाहीत आणि हवी ती सूक्ष्मताही त्यातून मिळत नाही.

प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये व खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर क्रँकशाफ्टच्या रेषेत व तिच्या काटकोनात अशी सहा मापे घेतली जातात. वरच्या व खालच्या मापांतील फरकास निमुळतेपणा आणि दोन दिशांमधील फरकास लंबगोलता म्हणतात. झीज सर्वाधिक कोठे होते हे ठरलेले आहे. वरची कडी जेथे थांबून परत फिरते तेथे तेलाचा थर पातळ व उष्णता जास्त असते, म्हणून तेथे भिंत सर्वांत जास्त घासली जाते. तिच्याही वर, कडी पोहोचत नाही तेथे, न झिजलेला अरुंद पट्टा राहतो. हा पट्टा मागच्या कापणीचा व्यास सांगतो.

झीज काढून टाकण्यासाठी जेवढे कापणे अपरिहार्य आहे तेवढे 'क्षमतावाढी'च्या हिशेबात आपोआप येते. सर्वांत झिजलेला सिलिंडर ज्या मापाला स्वच्छ होईल त्या मापाला इतर सर्व सिलिंडर आणावे लागतात.

तापमान

लांबीच्या मापनासाठी आंतरराष्ट्रीय संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस हे आहे. ओतीव लोखंडाचा ८० मिमीचा व्यास २० अंश तापमानवाढीने सुमारे ०.०१७ मिमीने वाढतो. ही वाढ क्षुल्लक वाटते. परंतु दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात ठेवायची फट अनेक इंजिनांत मिलिमीटरच्या काही शतांश भागांचीच असते. उन्हात ठेवलेला ब्लॉक सावलीतल्या मायक्रोमीटरने मोजणे, अथवा होनिंग संपताच गरम सिलिंडरचे माप घेणे, यांमुळे फट चुकते. अ‍ॅल्युमिनियमचा दट्ट्या तर लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ब्लॉक, दट्टे आणि मापनसाधने एकाच खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मापे घेणे हा साधा व खात्रीचा उपाय आहे.

नवे दट्टे आधी हाती येऊ द्यावेत, प्रत्येक दट्ट्या उत्पादकाने सांगितलेल्या जागी मोजावा आणि मगच सिलिंडरचे अंतिम माप ठरवावे, हा क्रम या क्षेत्रात रूढ आहे. आधी कापून मग दट्टे शोधणे हे जुन्या गाडीच्या बाबतीत विशेष धोक्याचे, कारण हव्या मापाचे दट्टे बाजारात असतीलच असे नाही.

भिंतीची जाडी

सिलिंडरच्या भिंतीमागे थंड करणाऱ्या पाण्याचे कवच असते. ब्लॉक ओतताना ही पोकळी वाळूच्या गाभ्याने तयार होते. वितळलेले लोखंड ओतले जात असता हा गाभा किंचित सरकला तर सिलिंडरच्या एका बाजूची भिंत जाड व दुसऱ्या बाजूची पातळ होते. यंत्रकाम मात्र बाहेरच्या संदर्भपृष्ठांवरून होत असल्याने सिलिंडर आपल्या जागी अचूकच कापला जातो आणि आतला दोष झाकला जातो. मूळ व्यासावर असा ब्लॉक आयुष्यभर विनातक्रार चालतो. व्यास वाढवल्यावर दोष उघड होतो. गाडीच्या पुस्तिकेत व्यास, पल्ला, फटी हे सारे दिलेले असते, भिंतीची जाडी मात्र सहसा दिलेली नसते. प्रत्येक ओतकामात ती वेगळी असल्यामुळे देऊनही फारसा उपयोग झाला नसता.

ही जाडी मोजण्यासाठी स्वनातीत जाडीमापक वापरतात. ध्वनीचा स्पंद भिंतीतून जाऊन पलीकडच्या पृष्ठभागावरून परत येण्यास लागणारा वेळ हे उपकरण मोजते आणि धातूतील ध्वनिवेगावरून जाडी काढते. येथे एक गंभीर चूक संभवते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर असतो. करड्या ओतीव लोखंडात तो ग्रॅफाइटच्या प्रमाणानुसार व आकारानुसार बदलतो आणि बहुधा पुष्कळ कमी, ४६०० मीटरच्या आसपास असतो. उपकरण पोलादासाठी लावलेले राहिले, तर प्रत्यक्षात ४ मिमी असलेली भिंत ५.१ मिमीहून अधिक दाखवली जाते. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. म्हणून त्याच ब्लॉकच्या, कॅलिपरने दोन्हीकडून पकडता येईल अशा एखाद्या भागावर उपकरण जुळवून घेणे आवश्यक असते. वक्र भिंतीवर नीट टेकेल असा लहान संवेदक आणि मध्ये तेलाचा वा जेलचा थर हवा. हवेची फट राहिल्यास वाचन मिळत नाही.

प्रत्येक सिलिंडरमध्ये पुढे, मागे, डावीकडे व उजवीकडे आणि तीन उंचींवर वाचने घेतल्यास चार सिलिंडरांच्या इंजिनात ४८ आकडे होतात. ते तक्त्यात मांडले की गाभा कोणत्या दिशेला सरकला होता ते सहसा स्पष्ट दिसते, कारण सर्व सिलिंडर एकाच बाजूस पातळ निघतात. निर्णय घेताना सरासरी पाहू नये. ४८ पैकी सर्वांत लहान आकडा हाच त्या ब्लॉकची मर्यादा.

सगळ्या बाजूंचे महत्त्व सारखे नसते. स्फोटाच्या पल्ल्यात कनेक्टिंग रॉड तिरका असल्याने दट्ट्या एका बाजूच्या भिंतीवर जोराने रेटला जातो. पुढून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या इंजिनात ही दाबाची बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. पातळ भाग या बाजूस असेल तर मर्यादा अधिक कडक धरावी लागते. किमान जाडीचा सर्व इंजिनांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. लोखंडाची प्रत, सिलिंडरचा व्यास आणि इंजिन रस्त्यासाठी आहे की शर्यतीसाठी, यांवर तो ठरतो. तथापि रस्त्यावरच्या गाडीतही कापणीनंतर सुमारे ३ मिमीपेक्षा कमी भिंत उरत असेल तर जाणते कारागीर सहसा नकार देतात. पातळ भिंत लगेच फुटतेच असे नाही. पुष्कळदा ती दाबाखाली किंचित लवचते, मग कड्या नीट टेकत नाहीत, इंजिन तेल खाऊ लागते आणि गरम होते. कारण मात्र महिनोन्महिने सापडत नाही.

गंज हा आपल्याकडील विशेष मुद्दा. रेडिएटरमध्ये गंजरोधक द्रवाऐवजी वर्षानुवर्षे नळाचे किंवा विहिरीचे पाणी भरल्याने पाण्याच्या कवचात गंजाचे खड्डे पडतात व क्षारांचे थर साचतात. मापनापूर्वी ब्लॉक रासायनिक टाकीत उकळून आतून स्वच्छ करणे म्हणूनच गरजेचे ठरते. वाटाण्याएवढा खड्डा दोन वाचनांच्या मधल्या जागेत राहून जाऊ शकतो. शंका आल्यास त्या भागात वाचने दाट घ्यावीत आणि ब्लॉकची दाबचाचणी करावी.

जाडीमापक उपलब्ध नसताना केली जाणारी एक जुनी चाचणी उल्लेखनीय आहे. ब्लॉकच्या बाजूची पाण्याची बुचे काढून दोन सिलिंडरांच्या बाह्य भिंतींमधील अंतरात वेगवेगळ्या जाडीच्या ड्रिलचे दांडे सरकवून पाहतात. सिलिंडरांचे मध्यांतर व व्यास माहीत असल्याने मधल्या पोकळीवरून भिंतींची एकत्रित जाडी कळते. अमेरिकेत फोर्डच्या 'एफई' मालिकेतील ब्लॉक पारखण्यासाठी ही पद्धत प्रसिद्ध आहे. तीतून गाभ्याची बाजूची सरकण कळत नाही, त्यामुळे ती प्राथमिक चाळणीपुरतीच योग्य.

वरचा पृष्ठभाग आणि सिलिंडरांमधील जागा

सिलिंडर हेड जेथे बसते त्या पृष्ठभागाला डेक म्हणतात. त्यावर अचूक सरळपट्टी उभी, आडवी व तिरपी ठेवून खाली फीलर गेज जाते का ते पाहतात. व्यास वाढला की दोन सिलिंडरांमधील डेकची पट्टी अरुंद होते आणि तेथेच गॅस्केट फुटण्याचा संभव असतो. शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ इंजिनात सिलिंडरांचे मध्यांतर १११.७६ मिमी आहे. १०२.३६ मिमी व्यासाला मधली पट्टी ९.४ मिमी राहते, १०४.७८ मिमी व्यासाच्या ४०० घनइंची ब्लॉकमध्ये ती सुमारे ७ मिमीच उरते.

हेडचे बोल्ट आवळल्यावर सिलिंडर सूक्ष्म प्रमाणात वाकडे होतात. म्हणून चांगल्या यंत्रशाळेत होनिंगच्या वेळी हेडऐवजी एक जाड पोलादी पट ठरलेल्या जोराने आवळून बसवतात. मुख्य बेअरिंगांच्या टोप्याही त्याच वेळी आवळलेल्या असाव्यात. बैठकींचे व्यास मोजतानाही हाच नियम आहे.

पल्ला वाढवताना

पल्ला वाढवायचा तर दुसरा क्रँकशाफ्ट लागतो. मग प्रश्न भिंतीचा नसून उंचीचा असतो. पल्ल्याचा अर्धा भाग, कनेक्टिंग रॉडची लांबी आणि दट्ट्याच्या पिनेपासून माथ्यापर्यंतचे अंतर यांची बेरीज डेकच्या उंचीपेक्षा जास्त होता कामा नये. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची ब्लॉकमध्ये ३.७५ इंची पल्ला बसवून व व्यास ४.०३० इंच करून ३८३ घनइंच, म्हणजे सुमारे ६२७० सीसी क्षमता मिळवतात. तेथे डेकची नाममात्र उंची ९.०२५ इंच असते. १.८७५, ५.७ आणि १.४२५ यांची बेरीज ९.० होते, म्हणजे दट्ट्या डेकच्या पंचवीस थाउ खाली थांबतो. पूर्वी कोणी डेक घासून सपाट केला असेल तर हे अंतर कमी झालेले असते. त्यामुळे नाममात्र आकड्यावर विसंबून न राहता उंची त्या ब्लॉकवरच मोजतात. याशिवाय रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला व कॅमशाफ्टला लागत नाहीत ना, हे संशयाच्या जागी मळलेली माती लावून व क्रँकशाफ्ट हाताने फिरवून तपासतात.

सुटे लायनर असलेली इंजिने

काही इंजिनांत सिलिंडर ब्लॉकचा भाग नसून पाण्यात उभी असलेली सुटी नळी असते. ट्रायम्फ टीआर मालिकेत ९२ मिमी पल्ला कायम ठेवून ८३ ऐवजी ८६ मिमीचे लायनर व दट्टे घातले की १९९१ सीसीचे २१३८ सीसी होतात. येथे भिंतीच्या जाडीची चिंता उरत नाही. त्याऐवजी लायनरचा काठ डेकच्या किती वर येतो हे मोजणे महत्त्वाचे ठरते. हा उठाव सर्व लायनरांचा सारखा नसेल तर गॅस्केट टिकत नाही.

लोखंडी ब्लॉकमध्ये पातळ भिंत सावरण्यासाठी कोरडी स्लीव्ह ठोकण्याचा उपाय आहे. परंतु स्लीव्हची स्वतःची जाडी मावण्यासाठी मूळ भिंत आणखी कापावी लागते, त्यामुळे त्या उपायासही भिंतीचे मापन आधी करावेच लागते.

दाबगुणोत्तर

क्षमता वाढून ज्वलनकक्ष तेवढाच राहिला तर दाबगुणोत्तर आपोआप वाढते. १४८९ सीसी इंजिनाचे एका सिलिंडरचे घनफळ ३७२.३ सीसी आहे. गुणोत्तर ८ धरल्यास कक्षाचे घनफळ ५३.२ सीसी येते. व्यास एक मिलिमीटरने वाढवल्यावर सिलिंडर ३८२.६ सीसीचा होतो आणि गुणोत्तर सुमारे ८.२ होते. ही वाढ अल्प आहे, पण त्याच जोडीने हेडही घासले जाणार असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

भारतातील कायदेशीर बाजू

वाहनाच्या नोंदणीपत्रात इंजिनाची घनक्षमता नमूद असते आणि इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे होतील असे फेरफार करण्यास मनाई आहे. झिजलेले सिलिंडर दुरुस्तीच्या ठरलेल्या मापांपर्यंत कापणे आणि क्षमतावाढ हा हेतू ठेवून कापणे यांत त्यामुळे फरक केला जातो. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत पुराणवाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ती लागू आहे. मात्र वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि सांगाडा, बाह्यकवच वा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी अट आहे. पद्मिनी व अँबॅसडरच्या सुरुवातीच्या अनेक गाड्यांनी ही वयोमर्यादा आता ओलांडली आहे.